तिनोलाची पंगत

बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या, हात राखेने घासून धुवायचे, पंच्याला कोरडे करायचे आणि मगच पुस्तकाला हात लावायचा. पान उघडलं की ते म्हणत, "पुस्तक सांगते तसं कराचं. आपली अक्कल मंग." बघणाऱ्याला वाटावं, माणूस पोथी वाचायला बसला आहे. पुस्तक मात्र स्वयंपाकाचं होतं, इंग्रजीतलं, आणि फिलिपीन्सहून आलेलं.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मेहकरच्या पंचायत समितीत मी टायपिस्ट होतो आणि ते आमचे कृषी विस्तार अधिकारी. जानेफळकडच्या एका खेड्यातले. खात्याच्या परीक्षेत पहिले आले म्हणून सरकारने त्यांना सहा महिने भातशेती शिकायला फिलिपीन्सला पाठवलं होतं. आमचा तालुका ज्वारी-कपाशीचा. भात दिसायचा तो ताटात, तोही सणावाराला. ते परतले तेव्हा आमचे हेडक्लार्क म्हणाले होते, "आता कपाशीत पाणी तुंबवा साहेब."

लोकांना त्यांच्याकडून विमानाचं ऐकायचं असे. ते सांगत स्वयंपाकघराचं. ज्या घरी ते भाड्याने राहिले, तिथल्या म्हातारीचं. "पहिल्याच दिवशी तिनं मले आपल्या पोराच्या बाजूनं बसोलं. कोन, कुठचा, काही नाही. भूक लागली काय, एवढंच इचारलं." निघताना तिनेच ते स्वयंपाकाचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं होतं.

हेच ते पुन्हा पुन्हा का सांगत, ते आम्हाला कळत होतं. ते बौद्ध होते. ऑफिसात आम्ही त्यांच्या शेजारी बसायचो, हॉटेलातला चहा सोबत प्यायचो. पण त्यांच्या घरी पाण्याचा पेलाही कुणी तोंडाला लावला नव्हता. मीही नाही.

त्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. आता मात्र शिकायचंच, असं मनावर घेतलं. दुपारच्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी येत, मी डिक्शनरी काढी. 'सिमर' या एका शब्दावर आमचे दोन दिवस गेले. शेवटी मी लिहून दिलं, "उकळी फुटू न देता मंद आचेवर ठेवणे." दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचा निरोप आणला, "ती म्हंते, एवढ्यासाठी पुस्तक कायले पायजे? लाकूड मांगं ओढा."

पुस्तकाच्या समासात ते शेतावरच्या प्रयोगासारख्या नोंदी करत. 'अडोबो, प्रयोग पहिला: शिरका जास्त, पोरांनी ताट सरकवलं. प्रयोग दुसरा: कोंबडी करपली. प्रयोग तिसरा: मंडळी हसली नाही.' अडोबोला लागणारा सोया सॉस अकोल्यातसुद्धा मिळेना, तेव्हा चार दिवस तोंड पाडून होते. मग एका सकाळी जवळजवळ धावतच ऑफिसात आले. तिनोला नावाच्या रश्श्यात कसला तरी पाला लागत होता. त्याचं नाव डिक्शनरीत नव्हतं, पण पुस्तकात चित्र होतं, आणि ते पाहून त्यांची बायको म्हणाली होती, "हा तं आपला शेवगा!"

"बाबू, वाचा बरं पुन्हा," ते म्हणाले. कोंबडी, आलं, लसूण, कच्ची पपई, शेवग्याचा पाला, तांदूळ धुतल्याचं पाणी. "सारं परसात हाय माह्या!" माशांपासून केलेलं एक खारट पाणी तेवढं आणायचं कुठून? त्यांनी बाजारातली सुकट वाटून घातली आणि समासात तसं लिहिलं.

महिनाभराने त्यांनी ऑफिसातल्या आठ जणांना रविवारी जेवायला बोलावलं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला गावी जावं लागलं. मी सांगितलं, साळा यायचाय. सोमवारी त्यांनी इतर कुणाला काही विचारलं नाही. मला म्हणाले, "आले काय साळे?"

"हो."

"चांगलं झालं."

त्या दिवशी माझी तीन पत्रं चुकली. ज्या रश्श्याचा शब्दन् शब्द मी मराठीत उतरवून दिला, तो चाखायला मला सवड नव्हती. पण ते थांबले नाहीत. सुट्टीत पुन्हा पुस्तक घेऊन आले. मी म्हणालो, "आता कोणासाठी करता?" ते म्हणाले, "कोनासाठी नाही. शिकून राह्यलो."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेलो. ते चुलीपुढे बसले होते. दारातूनच म्हणालो, "साळा आला नव्हता."

"मले माहीत हाय. बसा."

माझं ताट त्यांनी स्वतः वाढलं. रस्सा पातळ, आल्याने घसा शेकणारा, आणि शेवग्याचा पाला नुकता मऊ झालेला. मी दोनदा मागून घेतला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "आलं जास्त झालं काय?" एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मग मी एकाला नेलं, त्याने दुसऱ्याला. पंगत लांबत गेली. म्हातारीला पाठवायची त्यांची पत्रं मी टाईप करत असे. एकात त्यांनी सांगितलं, "लिहा, आज माह्या घरी नऊ मानसं जेवली." तिचं उत्तर आलं, पपई जरा आधी घालत जा. ते पत्र त्यांनी ऑफिसभर दाखवलं.

हेडक्लार्क सर्वांत शेवटी आले, तेही सहीची फाइल घेऊन. पंगत बसलेली. "बसा साहेब," विस्तार अधिकारी म्हणाले.

"आज उपास आहे माझा."

सगळे ताटात बघू लागले. त्यांनी शांतपणे आत आवाज दिला, "अवो, साहेबाचा उपास हाय. केळं आना, अन् पानी." हेडक्लार्कांनी केळं सावकाश संपवलं. पेला बराच वेळ हातात धरला. मग पाणी प्यायले. ते निघाले तेव्हा विस्तार अधिकारी त्यांना म्हणाले, "येत्या रविवारी उपास नोका धरू." हेडक्लार्कांनी धरला नाही.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, भंडाऱ्याकडे, भाताच्या मुलखात. तिथून दोन-चार पत्रं आली. भेट पुन्हा झाली नाही. ते बदलीवर निघाले त्याच्या आदल्या दिवशीची दुपार मात्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. निरोपाला हार नको, जेवायला या, असं त्यांनी बजावलं होतं. शिपायापासून सभापतींपर्यंत सगळे आले. क्वार्टरच्या ओसरीपासून अंगणातल्या शेवग्यापर्यंत पाट मांडले होते. त्यांनी सगळ्यांना वाढलं, आग्रह केला, आणि अखेर बायकोने बळेच त्यांना बसवलं.

ती रश्श्याचा गंज उचलणार, तोच हेडक्लार्क उठले. हात धुऊन आले आणि तिच्या हातातला डाव घेतला. "वहिनी, तुम्हीही बसा. मी वाढतो."

वाढायची सवय नसलेला तो हात. रस्सा ताटाबाहेर सांडला. विस्तार अधिकाऱ्यांनी ताठ बसून आपलं ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पपई टाका साहेब. अजून टाका."

हेडक्लार्क वाकले आणि शोधून शोधून पपईच्या फोडी वाढत राहिले.