कोंडवाड्यातली मोटार

मांजर आडवं गेलं तरी मी कधी परत फिरलो नाही. भूतखेत, देवऋषी यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणणार नाही. पण तीन वर्षांपूर्वी वैशाखात, आमच्या सोलापुरात, भर दुपारी जे घडलं ते सांगतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मी तेव्हा एक जुनी मोटार घेतली होती. कापडी टपाची, रबरी गोळा दाबून वाजवायच्या भोंग्याची. आळीतली पोरं दिवसभर तो गोळा दाबत, म्हणून गाडी सोडताना मी गोळा काढून खिशात टाकत असे. एवढं लक्षात असू द्या.

त्या दुपारी दुकानावर निरोप आला की इंदूला, म्हणजे माझ्या पत्नीला, कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, आणि अवघड जाईल असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. तसाच निघालो, तर तळ्याजवळ वळवानं गाठलं. गारांनी टपाच्या चिंध्या केल्या, इंजिनात पाणी जाऊन मोटार बंद पडली. सवयीनं गोळा खिशात घातला आणि मदतीला कोणी मिळतं का बघायला जवळच्या दुकानात शिरलो. बाहेर येतो तर मोटार गायब!

"कोंडवाड्यात गेली," दुकानदार शांतपणे म्हणाला.

मोकाट गुरं कोंडायची ती जागा. तिचा मक्ता भीमण्णाकडे होता. आभाळ भरून आलं की हा गृहस्थ बैलजोडी जुंपून तयार. वादळात अडकलेला टांगा असो की मोटार, ओढून न्यायची आणि दंड उकळायचा.

धावत गेलो. दोन म्हशी आणि एका गाढवाच्या मधोमध माझी मोटार उभी. बैल अजून तिला जुंपलेलेच, तोंडं फाटकाकडे, आणि मजेत कडबा खात होते.

"बेवारशी जनावर रस्त्यात हुबं व्हतं," भीमण्णा म्हणाला. "कोंडलं."

"अहो, मोटार आहे ती."

"चार पाय हायत की. दंड ठेवा मालक, आन् चाऱ्याचं येगळं."

"मोटार कडबा खाते होय? तुमचेच बैल खाताहेत."

"तिनं खाल्ला न्हाय, ती तिची मर्जी. आमी टाकला हुता."

दंड दिला, चाऱ्याचं दिलं. तर म्हणतो, भाईर वडायचं येगळं. खिशात आता फक्त रबरी गोळा उरला होता. मी मोटारीत चढून सुकाणूच्या चाकामागे बसलो आणि सांगितलं, घरी बायको अडली आहे, हात जोडतो.

"लई वाईट वाटतं मालक. पर पैसं आदी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं खिशातला गोळा मुठीत आवळला... आणि समोरचा भोंगा वाजला. गोळा माझ्या मुठीत, भोंगा हातभर लांब.

बैल बुजले. भीमण्णा उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. फाटकातून बाहेर, गारांच्या चिखलातून आम्ही सुसाट! भोंगा वाजतोच आहे, मी नुसतं चाक धरलेलं. बैल थांबले ते थेट माझ्या दारात.

इंदू उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी. "अहो, मघापासून भोंगा वाजवताय. मी केव्हाची तयार आहे."

त्याच बैलांनी आम्हाला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मी व्हरांड्यात बसून ढसाढसा रडलो. मुलगी झाली.

मित्र म्हणतात, वारा भोंग्यात शिरला असेल. पुढच्या वादळात मी भोंगा वाऱ्याकडे धरून अंगणात उभा राहिलो. सर्दी झाली, आवाज आला नाही. शिवाय इंदूनं तो कोंडवाड्यापासून एवढ्या लांब, पत्र्यावर गारा वाजत असताना ऐकला कसा? मला सांगता येत नाही.

भीमण्णाचा धंदा जोरात चालू आहे. आभाळ भरून आलं की सगळ्यांच्या गाड्या ओढतो, फक्त माझी सोडून. तिच्यापुढे तो कडब्याची पेंढी ठेवतो, हात जोडतो आणि गुपचूप पुढे जातो. पैसे मागत नाही.