नाल्याची जागा

आप्पा गेल्याचा निरोप मला चिकोडीला मिळाला, मोजणीच्या तंबूत. वडगावहून आलेल्या माणसानं एवढंच सांगितलं, "आप्पा गेलं. ताप डोक्यात गेलता." महिना होत आला, तरी लिहायला बसायचा धीर होत नव्हता. कारण त्या तापामागं माझ्या हातचा एक शेरा आहे...

आप्पा माझे थोरले चुलते, विणकर. नाल्याकाठच्या मोकळ्या मैदानात वडगावचे विणकर खुंट ठोकून सुताचे लांबच लांब ताणे पसरत, त्यांना खळ लावत. मृग लागायच्या आत मात्र एकूण एक खुंट उपटायचा, भोकं बुजवायची, हळदकुंकू वाहायचं आणि जागा नाल्याच्या हवाली करायची. पावसाचं सगळं पाणी तिथं पसरे, गवतात जिरे आणि आमची गल्ली कोरडी राही. "जागा त्येची हाय. आपुन मागून घेतल्याली," आप्पा सांगायचे. एखादा खुंट विसरला, तर भर पावसात गुडघाभर चिखलातून जाऊन काढून आणायचे. आम्ही भावंडं त्यांची लई चेष्टा करायचो.

पुढं मी सरकारी मोजणीदार झालो आणि त्याच मैदानाची मोजणी माझ्याकडे आली, तीही ऐन श्रावणात, खुंट उपटलेले आणि भोकं बुजलेली असताना. जमिनीवर खूण दिसली तरच वहिवाट लिहायची, हा कचेरीचा शिरस्ता. मी लिहिलं, "पडीक, वहिवाट नाही." साहेबांना तोंडी सांगता आलं असतं. पण नोकरी नवी होती, मी भ्यालो. त्या शेऱ्यावर निम्म्या जागेत प्लॉट पडले, भराव पडला, घरं उठली.

पुढच्याच पावसाळ्यात पाणी गल्लीत शिरलं. आप्पांचा माग खड्ड्याचा, खाली पाय सोडून बसायचा. सकाळी पाणी उपसायचं आणि विणायला बसायचं, असे चार पावसाळे ते ओलीत बसले. मी पाया पडून सगळं कबूल केलं, तेव्हा म्हणाले, "तुजं काय चुकलं रं? आमीच कवा खूण ठिवली न्हाय." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उरलेली जागा आता लिलावाला निघाली आहे. माझा शेरा खोटा होता, असं परवा सही करून कळवलं. नोकरी बहुतेक जाईल. जागा राहील का, तेही माहीत नाही.

तसाच वडगावला गेलो. माग सोडवून भिंतीला टेकवून ठेवलाय. काकी खड्ड्याशी वाकून तांब्यानं पाणी उपसत होती. म्हटलं, "काकी, आता कशाला?"

वर न बघता म्हणाली, "त्येंचं पाय भिजत्यात रं."