लाल छपराची दोरिला

आमच्या बेटावर येणारा प्रत्येक पाहुणा आधी डोंगरावरची ती जागा विचारतो, जिथे एक स्कॉटिश खलाशी चार वर्षं एकटाच जहाजाची वाट बघत बसायचा. त्याच्यावरून कुणा इंग्रजाने कादंबरी रचली, चाराची अठ्ठावीस वर्षं केली. सरकारने तर बेटाला त्या कादंबरीतल्या माणसाचं नाव दिलं, ज्याने इथे कधी पाऊलही टाकलं नाही! दोरिला मावशीबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

मावशीचं घर चढावर, लाल पत्र्याचं. समुद्रातून ते छप्पर आणि मागचा सुळका एका रेषेत आले की खाली खडक, आणि खडकात शेवंड, मोठ्या कोळंबीसारखी, आमचं पोट तिच्यावरच. आमच्या नऊ होड्या बापजाद्यांपासून याच खुणेवर सापळे टाकतात. रिकाम्या घराचे पत्रे इथला वारा महिनाभरात उडवतो. म्हणून घरात कुणीतरी हवंच, आणि तो चढ चढायला आमच्यापैकी कुणी तयार नव्हतं.

मार्चमध्ये निरोप आला, तिची बहीण ओतिलिया समुद्रापलीकडे वाल्पाराइसो बंदरात अंथरुणाला खिळलीय, मावशीला बोलावतेय. मावशीने गाठोडं बांधलं. आम्ही सगळे तिच्या अंगणात जमलो. सगळ्यांत गोड मीच बोललो.

"एवढा हंगाम जाऊ दे, मावशी. मे संपता संपता मी स्वतः तुला जहाजात बसवतो."

"आणि तेव्हा समुद्र खवळला म्हणजे?"

"अगं, बहीण काय पळून जातेय?"

"त्या खलाशाला कप्तानाने टाकलं होतं. मला माझीच माणसं अडवतात," मावशी म्हणाली. "मेल्यांनो, तुमची शेवंड तुम्हाला लखलाभ!"

पण गाठोडं तिने सोडलं.

मेच्या अखेरीस समुद्र खरंच खवळला. सहा आठवडे जहाज आलं नाही. मावशी रोज धक्क्यावर येऊन उभी राहायची आणि मी तोंड चुकवायचो. जुलैच्या सुरुवातीला रेडिओवर कळलं, ओतिलिया गेली.

पुढचं जहाज लागलं तेव्हा आम्ही नऊही जण तिच्या दारात गेलो. तिकीट मी काढलं होतं.

"तू जा, मावशी. घरात आम्ही पाळीपाळीने राहू."

हे मार्चमध्येही जमलं असतं. बोलता बोलताच ते माझ्या ध्यानात आलं आणि मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

मावशी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कुणाकडे जाऊ रे?"