उतारावरचे बूट

नव्या रबराचा वास आला की मला चाकणचं ते बुटांचं दुकान आठवतं. आमच्या गावामागच्या डोंगरावर आई जन्मभर चपला घालूनच गेली. उतारावर त्या निसटायच्या, म्हणून तिची नजर कायम पायाखाली. मी तिला त्या दुकानात नेलं, त्या दिवशी तिनं जाड मोज्यांवर बूट चढवले आणि पार्किंगच्या उतारावरून चालून बघितलं. "बोटं म्होरं ठेचत न्हाईत," म्हणाली. तेच घेतले. रविवारी डोंगर उतरताना ती मध्येच थांबली. मला वाटलं, बूट चावला. पण ती समोर बघत होती; कंपन्यांच्या पत्र्यांपलीकडं अख्खी नदी उन्हात चमकत होती. "हे समदं हितंच व्हतं व्हय?" ती पुटपुटली. हल्ली बूट घेताना मीही आधी उतार शोधते, आणि चालताना मान वर राहते का, तेवढंच बघते.