उमाच्या कार्डाचा सोमवार

वाती वळायला बसलं की कापसाबरोबर गोष्टीही निघतात. एक ओढावी, तर तिच्या टोकाला दुसरी चिकटलेलीच असते. जुन्या जालन्यात आम्ही चारदोन बायका दुपारी वातींना बसायचो. त्यात शेजारची उमा येऊन बसायला लागली आणि गोष्टींना टोपली पुरेना!

उमा म्हणजे शेजारच्या काकूंची सून. काकूंचा मधुकर जिनिंगच्या मशिनींचं काम शिकायला जर्मनीला गेल्ता, तो येताना एल्सा नावाची बायको घेऊन आला. काकूंनी आधी अबोला धरला, मग भटजींना बोलावलं. रीतसर लग्न लावलं, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं : उमा. काकूंच्या लेखी एल्सा तिथंच संपली.

सरकारच्या लेखी मात्र ती संपली नव्हती. परदेशी बाईला इथं राहायचं तर कार्ड लागतं म्हणे. मिळालं नाही तर परत जावं लागतं. मधुकरनं हे सांगितलं तेव्हा उमाच्या हातातली वात अर्धीच राहिली.

* * *

उमाला सगळ्याचं कुतूहल. आल्या आल्या ती ओसरीतून हाक मारायची, "मधुकऽर!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, "नवऱ्याचं नाव घेऊ नये गं. त्याचं आयुष्य कमी होतं."

तिनं गंभीरपणे विचारलं, "किती?"

आता हे मला तरी कुठं ठाऊक! पण त्या दिवसापासून तिनं ते नाव ओठांवर आणलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत येऊन तिनं हाक मारली, "अहो!" आणि गल्लीतले सगळे पुरुष वळून बघायला लागले!

* * *

अर्जाला फोटो पाहिजे होता. काकू म्हणाल्या, "सरकारी काम हाय, नीट नटून जाऊ दे." ठसठशीत कुंकू, नथ, डोईवरून पदर. फोटोवाल्यानं दम भरला, "हलू नका!" ती बिचारी श्वासही घेईना.

फोटो आला तो हुबेहूब महालक्ष्मीच्या मुखवट्यासारखा. पासपोर्टावर हॅट घातलेली, आखूड केसांची, दात दाखवून हसणारी मुलगी. मधुकरनं दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाला, "आई, ह्यातली माझी कोणती?"

* * *

मग चौकशीला पोलीस आला. उमा आत सोवळ्यात पुरण वाटत होती, म्हणून दारात काकू गेल्या.

"एल्सा नावाची जर्मन बाई इथं राहती का?"

"न्हाई बा," काकू म्हणाल्या.

"बराबर आठवा."

"अहो, माझ्याच घरात कोण राहतं ते आठवायला कशाला लागतंय? चर्चकडं इचारा!" वर त्याला गुळपाणीही दिलं.

काही दिवसांनी कागद आला : दिलेल्या पत्त्यावर सदर बाई राहत नाही, अर्ज रद्द का करू नये, समक्ष येऊन सांगा. मधुकर डोकं धरून बसला. काकू मात्र ठाम. "मी काय खोटं बोलले? माहेरचं नाव सासरी कशाला राहील?"

पण संध्याकाळी दिवा लावताना त्यांचे डोळे भरून आले. मला हळूच म्हणाल्या, "माझ्या तोंडानंच घालवली का गं मी तिला?"

* * *

मी सोमवार धरला. कार्ड हाती येईतो मीठ न घालता एकदाच जेवायचं. उमा रोज विचारून राह्यली होती, "वहिनी, देवाकडं अर्ज गेला का?"

"गेला."

"पोच मिळाली?"

"अशी पोच नसते मिळत."

तिनं थोडा विचार केला. "मग तिथं कार्डसुद्धा लागत नसेल." आणि माझ्याबरोबर तीही बिनमिठाचं जेवायला लागली!

* * *

औरंगाबादच्या कचेरीची तारीख नेमकी सोमवारचीच निघाली. मला केवढा धीर आला! शेजारीण साक्षीला हवी म्हणून मीही आगगाडीनं गेले. ह्यांना काही काम होतं, ते जालन्यातच राहिले.

साहेब वयस्क, चष्म्याचे. त्यांनी मधुकरला बाहेर थांबवलं. पासपोर्ट बघितला, मुखवटा बघितला. "ह्या दोन बाया दिसतात." मग उमाकडं वळून, "पतीचं नाव?"

उमा गप्प.

"लग्न झालंय ना?"

तिनं मान हलवली.

"मग नाव?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी खूण करून राह्यले, बोल, आज बोल! ती जमिनीकडं बघून म्हणाली, "आयुष्य कमी होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नवरा सांगता येत न्हाई, दिल्या पत्त्यावर तुम्ही सापडत न्हाई. मी काय लिहू?"

मी घाईनं म्हणाले, "साहेब, तिच्या नवऱ्याचं नाव मधुकर. भिंतीला भिंत आहे आमची."

"आणि तुम्ही कोण? तुमच्या मालकांचं नाव?"

आता मी गप्प!

साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. तेवढ्यात उमानं ह्यांचं नाव ठणकावून सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. आणि पुढं म्हणाली, "फार घोरतात. आधी बारीक शिट्टी, मंग आमची मांडणी हलती. पहाटे वहिनी म्हणतात, कूस बदला, तेव्हा आम्हाला झोप लागती."

साहेबांनी मला विचारलं, "खरं?"

मी पदर तोंडाला लावून मान हलवली.

साहेबांनी चष्मा पुसला आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा. बिलकुल तिथंच राहतात." शिक्का धाडकन उमटला.

परतीच्या गाडीत उमानं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं. जालना स्टेशनावर हे कंदील घेऊन आल्ते. कार्ड बघून खूश झाले आणि म्हणाले, "वा! पण साहेबाला पटलं तरी कशावरून?"

उमा म्हणाली, "तुमच्यावरून, भाऊजी!"