एकट्याने बांधलेली शेड

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, आयुष्यात कधीच कुणाची मदत लागली नाही. असं ते स्वतःच सांगतात, तेव्हा खरंच असणार. रंगाच्या कारखान्यात ते विभागप्रमुख होते. हाताखालची माणसं रंग कालवायची, डबे भरायची, गाडीत चढवायची आणि शेवटी काका सही करायचे. मग घरी येऊन सांगायचे, "आज सगळा माल मी बाहेर काढला." घरातही तीच तऱ्हा. मुलांना मी वाढवलं, घर मी उभं केलं, बाग मी लावली. वाक्यात कर्ता कायम काका आणि कर्म मावशीचं.

निवृत्त झाल्यावर सही करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मागच्या बागेत शेड बांधायचं काढलं. शेजाऱ्याने नुकतीच तयार शेड आणली होती. दोन माणसं येऊन सकाळच्या सकाळी जोडून गेली. काकांनी ती कुंपणावरून न्याहाळली आणि नाक मुरडलं.

"याला बांधणं म्हणत नाहीत, विकत घेणं म्हणतात," ते मावशीला म्हणाले. "मी पायापासून बांधणार. एकटा."

"पण तिच्यात ठेवायचं काय?" मावशीने विचारलं.

"हत्यारं."

"आपल्याकडे कुठे आहेत हत्यारं?"

"शेड बांधायची म्हणजे आणावी लागतीलच की."

हत्यारं आली, फळ्या आल्या, छपराचा पत्रा आला आणि काकांचं एकट्याचं काम सुरू झालं. ते मोजायचे तेव्हा टेपचं दुसरं टोक मावशीच्या हातात असायचं. ते फळी कापायचे तेव्हा दुसऱ्या बाजूने तीच फळी मावशी दाबून धरायची. खड्डा काकांनी खणला, म्हणजे खुणा त्यांनी केल्या आणि कंबर धरल्यावर फावडं मावशीकडे आलं. काकांच्या कानामागे खोचलेली पेन्सिल शोधून देणं हेही तिच्याचकडे होतं.

भिंतींचे सांगाडे त्यांनी गवतावर आडवे ठेवूनच तयार केले होते. आता एकेक उभा करून कोपऱ्यात दुसऱ्याला जोडायचा होता. पहिली भिंत उभी केली आणि काका म्हणाले, "धर, हलू नकोस, मी स्क्रू घेऊन आलो." मावशीने दोन्ही हात पसरून भिंत धरली. तेवढ्यात घरात फोन वाजला. कारखान्यातला जुना मित्र होता. खिडकी उघडी, त्यामुळे बोलणं बागेत स्पष्ट ऐकू येत होतं.

"शेड बांधतोय," काका सांगत होते. "छे, सुतार कशाला? एकटाच. अरे, या वयात हात चालते ठेवावे लागतात. घरातली माणसं काय, बघायला असतात."

काका मग कारखान्यातल्या एकेका माणसाची चौकशी करत बसले. मावशीच्या दंडाला कळ लागली. भिंत सोडून द्यावी तर अंगावर येणार. तिने ती हळूहळू, पाय मागे घेत, काकांच्या नव्या वाफ्यावर नीट आडवी निजवली. मग हात धुतले, साडी बदलली, पिशवी भरली आणि आमच्याकडे आली.

"भांडलात का?" आईने विचारलं. आई म्हणजे तिची थोरली बहीण.

"नाही गं. त्यांना एकट्याने बांधायचीय. म्हटलं, मध्ये कशाला कडमडायचं?"

दंडाला मलम चोळून ती दुपारभर गाढ झोपली. संध्याकाळी काकांचा फोन आला. मावशी कुठे गेली, कधी येणार, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"लहान स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलास?"

"तुम्हीच ठेवला असेल ना, एकट्याने. बघा," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. आठवडाभराने मावशीलाच चैन पडेना, म्हणून मी आणि आई तिला सोडायला गेलो. काका मागच्या पायरीवर बसले होते, दाढी वाढलेली. बागेत मात्र चारही भिंती उभ्या होत्या. मला क्षणभर वाटलं, माणसाने करून दाखवलं.

मग मी जवळ गेले. एका भिंतीला जेवणाचं टेबल आडवं करून टेकवलं होतं. दुसरीला शिडी आणि कपड्यांचं कपाट. तिसरीला सोफा, त्यावर जाडजूड पुस्तकांची चळत. चौथीला पलंग उभा केलेला. शेडमध्ये सामान ठेवतात हे मला ठाऊक होतं. सामानाने शेड ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मावशी घरात डोकावून आली. आवाज घुमत होता.

"जेवता कुठे?"

"उभ्याने."

"आणि झोपता?"

काकांनी गादीकडे बोट दाखवलं. ती फरशीवर पसरली होती.

"मला माझा पलंग हवाय," मावशी म्हणाली. "दमलेय मी."

"आजच्या दिवस थांब. कोपरे जोडायचे राहिलेत. एका हाताने धरून दुसऱ्याने स्क्रू बसत नाही, बाकी सगळं झालंय."

मावशी थांबली नाही. तिने पलंगाचं एक टोक धरलं, मी दुसरं. पलंग बाजूला झाला तशी ती भिंत जरा विचारात पडली आणि मग शेजारच्या भिंतीला घेऊन खाली बसली. शेजारचीने तिसरीला ओढलं. टेबलाच्या आधाराची तेवढी उभी राहिली. आईने तोंडाला पदर लावला.

काकांनी पडझडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "रचनेत थोडी सुधारणा करावी लागेल."

"करू," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी. पण धरायचं तुम्ही. ड्रिल माझ्याकडे द्या. आणि फोन आला तर मी घेणार."

काकांनी पडलेल्या भिंतींकडे नजर टाकली आणि ड्रिल तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले. काका भिंत धरून उभे. मावशी कोपऱ्यात स्क्रू बसवत होती, सावकाश, एकेक तपासून. थोड्याच वेळात काकांचे दंड थरथरू लागले. नाकाला खाज सुटली, पण हात सोडता येईना. "झालं का?" असं त्यांनी विचारलं की मावशी म्हणायची, "हलू नका." तेवढ्यात त्याच मित्राचा फोन आला. मावशीने ड्रिल खाली ठेवलं.

"नमस्कार भाऊ. हो, शेडचंच चाललंय. मीच बांधतेय. नाही हो, सुतार कशाला? हे आहेत ना. धरायला उभे आहेत. थोडी मदत होते त्यांची."

काका भिंतीआड होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण भिंत चांगलीच हलली.

शेड पुरी झाली आणि ती सरळ उभी आहे. आलेल्यागेलेल्याला काका ती दाखवतात आणि "आम्ही बांधली" असं सांगतात. आईला वाटलं, माणूस सुधारला. मावशी म्हणाली, "कसलं काय. राजेलोक स्वतःला आम्ही म्हणतात, त्यातलं आहे ते."

ती स्वतः मात्र आता थांबायला तयार नाही. परवा तिने आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी ठोकून दिली. काका बरोबर आले होते. खुर्चीत बसून त्यांनी दोनदा चहा घेतला आणि उठता उठता मान तिरकी करून म्हणाले, "डावीकडे झुकलीय बरं का जरा."

आईने त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली. "मान सरळ करून बघा, भाऊजी," ती म्हणाली.