चाकण केंद्रावरचा एक फॉर्म

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक तिला केव्हाच कळल्या आहेत. ही नाही कळली. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही.

मी एका विद्यापीठात वाणिज्य शिकवतो. राहायला तळवड्यात. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे डिजिटल शिक्षणाचं धोरण ठरवायला समिती नेमली आणि मला तिचा सदस्य सचिव केलं. सदस्य सचिव म्हणजे काय – बाकीचे चहा पितात आणि हा लिहितो. पण मला ते आवडलं होतं, हे आधीच कबूल करतो. धोरण मंजूर झालं की वेगळा विभाग निघणार होता, त्याला संचालक लागणार होता, आणि कुलगुरू दोनदा माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले होते. एवढ्यानं कुणी हुरळतं का? मी हुरळलो.

धोरणातली एक कल्पना पूर्णपणे माझी होती. संध्याकाळी सात ते आठ लाइव्ह तास. तासाभरात तीन वेळा मोबाइलवर बटण येणार, ते दाबलं तरच हजेरी. नंतर रेकॉर्डिंग बघितलं तर हजेरी नाही, आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेचा अर्ज नाही. पोरं लॉगिन करून झोपा काढतात, ही सगळ्या प्राध्यापकांची तक्रार होती. त्यावर हा जालीम उपाय सापडला म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग विद्यार्थ्यांची मतं घ्यायची ठरली. प्रश्न मीच काढले. चाकणला आमचं एक केंद्र आहे, रविवारी भरतं, तिथं सगळे कंपन्यांमधले कामगार. ऑनलाइन फॉर्मला तिथून एकही उत्तर आलं नाही, म्हणून मी कागदी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गेलो. डिजिटल धोरणासाठी कागदी फॉर्म – हसा, मीही हसलो होतो.

तिथं रेखा भेटली. मूळची लातूरकडची, गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत ऑपरेटर, तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आठ तास उभ्यानं काम. पदवी हातात आली की लाइनवरून स्टोअरच्या ऑफिसात घेतो, असं तिच्या साहेबांनी कबूल केलं होतं – म्हणजे खुर्ची मिळणार होती. फॉर्म परत देताना ती म्हणाली, "सर, मागच्या बाजूला लिहिलंय बरं का. आमचा मोबाईल गेटवरच जमा करून घेतेत. सेकंड शिफ्टला असल्यावर सातला बटण कसं दाबावं?"

"काळजी करू नका, मांडतो मी," मी म्हणालो.

म्हणालो तेव्हा खरंच मांडणार होतो का? आता नक्की सांगता येत नाही.

शिफ्ट दर आठवड्याला फिरते. तीन आठवड्यांतला एक सेकंड शिफ्टचा, दुपारी तीन ते रात्री अकरा. त्या आठवड्यात हजेरी शून्य. म्हणजे बाकीच्या सगळ्या तासांना बसूनही तिला पंच्याहत्तर टक्के गाठताच येणार नव्हते. हे तिनं मागच्या बाजूला निळ्या पेनानं गणित मांडून दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं – रेकॉर्डिंग बघून प्रश्न सोडवले तर हजेरी धरावी.

आणि मला हे कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात फिरत्या शिफ्टला होते. आमच्या घरी कुकरसुद्धा अण्णांच्या शिफ्टप्रमाणे लागायचा. तिचं गणित मला एका नजरेत कळलं.

सगळे फॉर्म स्कॅन करून अहवालाला जोडायचे होते. बाकीच्यांनी नुसत्या खुणा केल्या होत्या, मागं लिहिणारी ती एकटीच. मी तिचा फॉर्म गठ्ठ्यातून काढला आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. का नाही फाडला, कुणास ठाऊक.

बैठकीत कुलगुरूंनी विचारलं, "विद्यार्थ्यांचा काही आक्षेप?"

"नाही सर. मी स्वतः चाकणपर्यंत जाऊन आलो."

धोरण मंजूर झालं. मी संचालक झालो. बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले.

इथपर्यंत हा भ्याडपणा होता. पुढचं सांगायला मला जास्त जड जातंय.

त्यानंतर वर्षभरानं, परीक्षेच्या आधी रेखा माझ्या ऑफिसात आली. अर्ज अडला होता. बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "सर, मी तुम्हाला लिहून दिलतं की."

विशेष बाब म्हणून सूट द्यायचा अधिकार मला होता. एक सही लागत होती. पण सही करायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की आधी का नाही सांगितलं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी म्हणालो, "तुमच्या फॉर्मवर तसं काही नव्हतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती जरा वेळ विचारात पडली – खरोखर आठवून बघत होती – आणि म्हणाली, "मग राहिलं असंल सर. झोप असती डोळ्यावर. माझीच चूक झाली."

ती गेल्यावर मी चहा मागवला आणि प्यायलोसुद्धा. फॉर्म लपवला, ठीक आहे, भ्यालो. पण जिनं सरळ हिशेब मांडून दिला होता, तिला तिच्याच आठवणीवर संशय घ्यायला लावलं – याला काय म्हणायचं? शब्द मला माहीत आहे. नीचपणा.

पुढच्या वर्षी तो नियम बदलला. मीच बदलला. रेकॉर्डिंग बघून प्रश्न सोडवले तर हजेरी धरावी – तिचंच वाक्य, मी माझं म्हणून वाचून दाखवलं. कामगारांच्या अडचणी तुम्हाला बरोबर कळतात, असं कुलगुरू म्हणाले. मी आभार मानले. त्या वर्षीच्या यादीत रेखाचं नाव नव्हतं. केंद्रावर चौकशी केली असती तर कळलं असतं, ती अजून लाइनवर उभी आहे की गावी गेली. मी केली नाही.

येत्या महिनाअखेरीस निवृत्त होतोय. काल ड्रॉवर आवरताना तो फॉर्म हाताला लागला. त्यावर तिचा मोबाइल नंबर आहे. तो मी लावलेला नाही.

पुढच्या बाजूला अगदी शेवटी मीच घातलेला एक प्रश्न आहे – धोरण ठरवताना तुमचं म्हणणं विचारात घेतलं जाईल, असं तुम्हाला वाटतं का? तिनं 'हो'समोर खूण केली आहे.